हादरा काढीन, आवाज नाही

शालनला मी शेवटची भेटले ती दवाखान्यात, भर दुपारी. भेटायची वेळ नव्हती, पण आम्ही दोघींनी उभा जन्म नर्सिंगमध्ये काढलेला, त्यामुळं दारावरच्या सिस्टरनं मला अडवलं नाही. शालन खाटेत पार बुडून गेली होती. हात वाळक्या काटकीसारखे, गाल आत गेलेले... मला वाटलं, आता निरवानिरवीचं काही बोलेल. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं आणि खाटेशेजारच्या लोखंडी टेबलाकडं बोट केलं. टेबलावर औषध थेंबाथेंबानं सोडणारा पंप चालू होता आणि त्याच्या घरघरीनं शेजारचा स्टीलचा ट्रे किरकिर वाजत होता. "नले, त्या पंपाच्या बुडाखाली काहीतरी घाल की," ती म्हणाली. "सकाळपासनं दातात वाजतंय." मी गॉजची जाड घडी केली आणि पंपाखाली सरकवली. ट्रे गप्प झाला. शालननं क्षणभर कान दिला आणि ओठांच्या कोपऱ्यात हसली. "बघ... मशीन बंद करायला लागलं का?"

माझ्याशी ती पुरतं बोलली ते एवढंच. नंतर ग्लानी आली. निरोपाचं म्हणून यापेक्षा चांगलं वाक्य मला अजून सापडलेलं नाही, आणि ती गेल्यावर जे काही ऐकावं लागलं त्यानंतर तर ते मला जास्तच पटतंय.

ती गेल्याचं तिच्या भावाच्या मुलीनं, प्रणालीनं कळवलं. "मावशी, आत्ती गेली," एवढंच बोलली. मी पांढरी साडी नेसून पोचले. बुद्धवंदना झाली, नदीकाठी सगळं उरकलं. जलदान विधीच्या दिवशी तिच्या अपार्टमेंटमधली मंडळीही आली होती. सोसायटीचे चेअरमन, ज्यांना सगळे नाना म्हणतात आणि ज्यांचा गुळाचा व्यापार आहे, ते चार शब्द बोलायला उभे राहिले. म्हणाले, "कांबळे सिस्टर म्हंजे अगदी शांत बाई. कधी कुणाला त्रास न्हाय, कधी आवाज न्हाय." समोरच्या मंडळींनी माना डोलावल्या. मी हातातला कप खाली ठेवला. शालन, आणि शांत? माणूस गेलं की त्याला घासूनपुसून गुळगुळीत करायची आपल्याकडं रीत आहे. कंगोरे गेले की उचलून बाजूला ठेवायला बरं पडतं... मी त्या दिवशी भांडले नाही, कारण ते तिच्या विधीचं घर होतं. पण त्या भाषणाला उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते इथं देते. शालन कांबळे शांत नव्हती. तिचा आवाज होता, चांगला तिसऱ्या मजल्यावरून जिन्यात उतरणारा, आणि तो बंद पाडायला याच नानांनी जंग जंग पछाडलं होतं.

आमची ओळख नर्सिंग स्कूलच्या वसतिगृहातली. मी बिद्रीकडची, घरी ऊस आणि म्हशी. ती मूळची चंदगड तालुक्यातल्या एका खेड्यातली. आमच्या खाटा एकाच खोलीत पडल्या. ट्रंक खाली ठेवायच्या आधीच ती म्हणाली, "मी बौद्ध हाय. माझ्या तांब्याला शिवायचं नसलं तर आत्ताच खोली बदलून घे. मागनं तोंड वाकडं केलेलं मला चालायचं न्हाय." मी म्हटलं, "मला घोरणारी चालत न्हाय. तू घोरतीस का?" "न्हाय." "मग झालं की." तिथून जी गाठ पडली ती लग्न, बाळंतपणं, बदल्या या सगळ्याला पुरून उरली. लग्न अर्थात माझं. तिनं केलं नाही. विचारणाऱ्याला सांगायची, "वॉर्डात तीस लेकरं हायत, घरी आणि कशाला?"

तिच्या वडिलांबद्दल तिनं मला त्याच खोलीत सांगितलं होतं. तिच्या आज्यापणज्यांकडं गावकीची जी कामं होती त्यात वाजवणं होतं. जत्रेत हलगी, कुणाच्या लग्नात पुढं, कुणाच्या मयतापुढंही. बोलावणं आलं की जायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. धर्मांतरानंतर वडिलांनी सांगितलं, आता वाजवणार नाही. गावानं काम द्यायचं बंद केलं, दळण बंद केलं, तरी माणूस ऐकेना. शेवटी बायकोपोरांना घेऊन कोल्हापुरात आला आणि लाकडाच्या वखारीत कामाला लागला. पुढं त्यांनी एक रेडिओ घेतला. रेडिओवर गाणं लागलं की ते दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे ठेवून बसायचे. ताल धरायचे नाहीत, मान हलवायचे नाहीत. "पण पायाचा अंगठा हलायचा," शालन सांगायची. "तो त्यांच्या ताब्यात नसायचा. मला ठाव होतं, आईला ठाव होतं, आम्ही कधी बोललो न्हाय."

गाण्याचं वेड तिला असं घरातनंच आलेलं. पण आवाज म्हणजे काय ते तिला कळलं एका आजीबाईंमुळं. त्या पूर्वी गाणं शिकवायच्या, पक्षाघातानं वाचा गेली होती. ड्यूटी संपली की शालन त्यांचं करायला त्यांच्या घरी जायची. तिथं रेकॉर्ड प्लेअर होता आणि लाकडी कपाटासारखे दोन मोठे स्पीकर. आजी बोटानं रेकॉर्ड दाखवायच्या, शालन लावायची, आणि दोघी ऐकत बसायच्या. एकदा ती वसतिगृहावर आली ती भांडण करून आल्यासारखी. "नले, तंबोऱ्याची खर्जाची तार असते ना, ती रेडिओत नसतेच! डग्गा नुसता थापटल्यासारखा लागतो, त्याचा घुमारा नसतोच. आपल्याला आजवर अर्धंच गाणं दिलंय लोकांनी." अर्धं गाणं दिलं याचा तिला खरोखरचा राग आला होता. मला त्यातलं काही कळलं नाही, पण एवढं कळलं की ही आता पुरं गाणं घेतल्याशिवाय राहायची नाही.

त्याला तिच्या नोकरीची सगळी वर्षं जावी लागली. भावाचं शिक्षण, आईचं आजारपण, मग तिसऱ्या मजल्यावरचा तो दोन खोल्यांचा फ्लॅट. निवृत्त झाल्यावर मात्र तिनं पुण्याहून स्पीकर आणले. कंबरेएवढे उंच, एकट्या माणसाला न उचलणारे. दुकानाचा माणूस बसवायला आला होता. त्यानं प्रत्येकाच्या बुडाला चार टोकदार खिळे आट्यांनी बसवले आणि म्हणाला, टोकावर उभा राहिला की स्पीकर खुलतो. त्या दिवशी शालननं मला बोलावलं होतं. तिनं एका जुन्या गायिकेची तोडी लावली. तंबोरे सुरू झाले आणि मला वाटलं, खोलीत कुणीतरी येऊन बसलंय... शालन माझ्याकडं नाही, भिंतीकडं बघत होती. वडिलांचा फोटो होता तिथं.

आठवडा झाला नाही तोच खालच्या मजल्यावरच्या देसाईवहिनी वर आल्या. भल्या बाई, तोंड दुखेपर्यंत हसून बोलणाऱ्या. म्हणाल्या, "सिस्टर, तुमचं गाणं चालू झालं की आमच्या रॅकवरची झाकणं वाजतात. यांना बी.पी. आहे हो." शालन तडक त्यांच्याबरोबर खाली गेली आणि मला वर गाणं चालू ठेवायला सांगितलं. परत आली ती विचारात पडून. "खरंच वाजतात," ती म्हणाली. "तिथं गाणं धड ऐकूच येत न्हाय, नुसता डग्ग्याचा ठोका येतो. भिंतीला हात लावला तर भिंतीत लागतो. म्हंजे आवाज हवेतनं जात न्हाय नले. ह्या खिळ्यांतनं फरशीत जातोय, आणि फरशी म्हंजे त्यांचं छत."

तिला वेळ मिळाला असता तर ते दोन घरांत मिटलं असतं. पण नानांनी सोसायटीची बैठक बोलावली. पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, शालननं मला सोबत नेलं होतं. नानांनीच सुरुवात केली. "सिस्टर, जयंतीचं ठीक हाय, तुमचा सण हाय तो. पर रोज डीजे म्हंजे..." पुढचं वाक्य त्यांनी हवेत सोडलं. त्या सोडलेल्या वाक्यात काय होतं ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. ती तोडी ऐकते, मारवा ऐकते, हे विचारायची कुणाला गरजच वाटली नव्हती. आडनावावरून गाणं ठरलं होतं.

शालन उठून उभी राहिली. "नाना, गणपतीत आपल्या गेटाबाहेर साउंडच्या भिंती लागतात, तेव्हा मी कपाटाची काच दोन्ही हातांनी धरून बसते. तेव्हा न्हाय मीटिंग बोलावली तुम्ही."

"ते वर्षातनं एकदा."

"आणि मी लावते ते दिवसाउजेडी, खिडक्या लावून."

मागून कुणीतरी म्हणालं, "हेडफोन लावा की सिस्टर! मिटलं."

"जन्मभर कानात नळी घालून दुसऱ्यांची छाती ऐकली," शालन म्हणाली. "आता कानात काही घालणार न्हाय. माझं घर हाय, मी उघड्या कानानं ऐकणार."

मग देसाई उठले. ते म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण आमची भांडी वाजतात त्याचं काय?" आणि शालनचा आवाज एकदम बदलला. वॉर्डात नातेवाइकाशी बोलायची तसा झाला. "तुमचं बरोबर हाय," ती म्हणाली. "भांडी वाजायला नकोत. ते मी थांबवते. पण नीट ऐका सगळ्यांनी. हादरा काढीन, आवाज नाही. मला थोडा वेळ द्या."

तो वेळ तिनं कसा काढला ते मी शेजारी बसून पाहिलं. आधी तिनं खिळे काढले आणि वॉशिंग मशीनखाली घालतात तसे काळे रबरी तुकडे आणून घातले. झाकणं वाजतच राहिली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून टेनिसचे चेंडू अर्धे कापून घातले. मग गादीचा फोम. फोमवर स्पीकर इतका मऊ बसला की प्रणालीचा धक्का लागल्यावर तो झुलला, आणि आम्ही दोघींनी झेप घालून धरला नसता तर समोरच्या काचेवर गेला असता. मी म्हटलं, "शालन, आवाजच जरा कमी कर ना बाई." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी उठून चहा टाकला.

तिला आठवला तो दवाखान्यातला जनरेटर. ऑपरेशन थिएटरच्या मागं असायचा, चालू झाला की आतल्या ट्रेमधली हत्यारं नाचायची. पुढं त्याच्याखाली रबराचे जाड पाय बसवले आणि नाच थांबला. ती उद्यमनगरात गेली, गाड्यांच्या इंजिनाखालचे रबरी माउंटिंग बनवणाऱ्या एका वर्कशॉपमधून तसेच पाय घेऊन आली. विकणाऱ्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, ट्रकचं इंजिन पेलतं, तुमचा स्पीकर म्हणजे काय! बसवले. फरक शून्य. शालन जमिनीवर मांडी घालून त्या पायांकडं बघत बसली. मग एकदम म्हणाली, "अगं, हे ट्रकचं हाय, म्हणूनच चालत न्हाय. स्पीकरच्या वजनानं हे दबतच न्हाय. दबलं न्हाय तर ते रबर कसलं, तो दगडच की." थोड्या वेळानं परत म्हणाली, "बेडसोअर, नले."

आमच्या धंद्याबाहेरच्यांसाठी सांगते. खाटेला खिळलेल्या पेशंटच्या पाठीला, टाचेला जखमा होतात, त्या होऊ नयेत म्हणून खाली खास गादी घालतात. गादी फार कडक असली तर अंगाला टोचते, फार मऊ असली तर माणूस तिच्या तळाला जाऊन टेकतो आणि गादी असून नसल्यासारखी होते. म्हणून आम्ही गादीखाली हात घालून बघायचो, माणूस तळाला टेकलाय की अजून मध्ये जीव आहे. पेशंट किती जड आणि कुठं जड हे बघून गादी ठरवायची. शालननं स्पीकरला पेशंट केलं. वजन काढायला मोठा काटा हवा होता, आणि तो कुणाकडं होता? नानांकडं. गुळाच्या ढेपा तोलायचा. ती सरळ त्यांच्या दुकानात गेली आणि म्हणाली, "नाना, तुमचीच तक्रार मिटवायची हाय, काटा द्या दोन दिवस." नानांना नाही म्हणता येईना. हमाल काटा वर घेऊन आला. तिनं स्पीकर आधी पुरा तोलला, मग नुसती पुढची कड काट्यावर ठेवून, मग मागची. पुढं वजन बरंच जास्त निघालं, कारण आवाज काढणाऱ्या त्या गोल पडद्यांचे लोहचुंबक पुढच्या बाजूलाच असतात. म्हणजे चारी पाय सारखे घेऊन चालणार नव्हतं. पुढं जरा कडक, मागं मऊ.

मग ती वर्कशॉपमध्ये जाऊन अंगठ्यानं रबर दाबून बघत बसायची, आणि तिथली माणसं तिला बघत बसायची. शेवटी हवे तसे पाय मिळाले. ते नुसते स्पीकरच्या बुडाला लावले असते तर उंच स्पीकर परत झुलला असता, म्हणून तिनं स्पीकरपेक्षा रुंद अशा ग्रॅनाइटच्या दोन लाद्या कापून घेतल्या. स्पीकर लादीवर पक्का, आणि लादीच्या चार कोपऱ्यांखाली रबरी पाय. पायांना आट्यांचा बोल्ट, त्यानं उंची कमीजास्त करायची आणि मग तो सरकू नये म्हणून वरून दुसरा नट, चेकनट, आवळायचा. गवंड्याकडची पाणसळ आणून तिनं दोन्ही लाद्या समपातळीत आणल्या. आम्ही दोघी साठीच्या बायका, पदर खोचून, गालिचावर पालथ्या पडून पाना फिरवत होतो. "आणि थोडं... आणि... बस!" शेवटी तिनं लादीखाली बोटं घालून चाचपलं. रबर दबलेलं होतं, पण त्यात अजून जीव होता. ती आडवी पडूनच हसायला लागली. मला वाटतं तेवढी खूश ती स्पीकर आले तेव्हाही नव्हती.

परीक्षा देसाईंच्या स्वयंपाकघरात झाली. मी वर गाणं लावलं, नेहमीपेक्षा मोठ्यानं लाव असं तिनं बजावलं होतं. खालचं मला तिनंच नंतर सांगितलं. ती आणि देसाई पतिपत्नी रॅकसमोर उभे. झाकणं गप्प. तिनं देसाईंचा हात धरून भिंतीला लावला. भिंत गप्प. देसाई म्हणाले, "पण बारीक ऐकू येतंयच की अजून." त्यावर ती म्हणाली, "येणारच. गाणं हाय ते." वर आली आणि मला म्हणाली, "आता तू बघ." तिनं तीच तोडी पुन्हा लावली. या खेपेला मात्र मला कुणी न सांगता कळलं. आधी डग्ग्याचा घुमारा सगळ्या खोलीत सांडायचा, तंबोरा त्याखाली दबायचा. आता घुमारा जिथल्या तिथं उठत होता आणि विरत होता, आणि मागं तंबोऱ्याची ती खर्जाची तार सुटी, स्वच्छ... जमिनीला दिलेला हादरा शेजाऱ्यांना तर त्रास देत होताच, पण तिचंही गाणं खात होता. शालन म्हणाली, "बघ, तक्रारीनं आपलंच भलं झालं." आणि मग, "आता खरी तक्रार काय हाय ते कळंल."

ते कळलं. झाकणं वाजायची थांबली, तक्रार थांबली नाही. देसाईवहिनी गप्प झाल्या, देसाई कुरकुरत राहिले, ते शेवटपर्यंत. नानांनी परत बैठक घेतली. ते म्हणाले, भांडी वाजतात की न्हाय हा प्रश्न न्हाय, इमारतीला एक वळण असतं, कुटुंबवाली माणसं राहतात, हे असलं वाजवणं इथं शोभत न्हाय. शालन यावेळी उठली नाही. खुर्चीत बसूनच बोलली, आणि एरवी सोसायटीत जरा सांभाळून बोलणारी ती बाई पार तिच्या गावच्या बोलीत बोलली. "नाना, माझ्या बापाला गाव म्हणायचं, वाजीव. त्यो न्हाय म्हणाला म्हणून त्याला गाव सोडाय लागलं. आता तुमी मला म्हणताय, वाजवू नको. म्हंजे आमी वाजवायचं कवा आन् थांबायचं कवा, ह्ये तुमीच ठरवणार व्हय? माझा बाप दुसऱ्यांसाठी वाजवायचं थांबला. मी माझ्यासाठी वाजवती. बोलवा पोलीस."



आणि पोलीस खरंच आला. कुणी बोलावलं ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही. दुपारची वेळ होती, मी तिथंच होते. हवालदार दारात उभा राहून म्हणाला, "बाई, डीजेची तक्रार हाय." शालन म्हणाली, "चालूच हाय, आत येऊन ऐका." आत कोमल रिषभाची आलापी चालली होती. हवालदारानं खोलीभर नजर फिरवली, डीजे शोधत असावा. मग टोपी काढून खुर्चीच्या कडेवर बसला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "ह्योच का त्यो?" "ह्योच." तो हळूच म्हणाला, "ह्येच्यापेक्षा आमच्या घरातला मिक्सर मोठा हाय की वो." चहा पिऊन गेला. जाताना जिन्यात त्यानं नानांशी काय बोलणं केलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण त्यानंतर बैठक झाली नाही.

नानांनी माफी मागितली नाही. शालननं मागायला लावली नाही. जिन्यात भेटले की ती आपणहून म्हणायची, "काय नाना, बरं हाय का?" आणि दुपारी गाणं लावायची. वर्षानुवर्षं. लोक तिला विसरून जावेत, सवय व्हावी, असं तिला कधी वाटलं नाही. दिवाळीत फराळ द्यायला आलेल्यांना ती बसवून घ्यायची आणि विचारायची, "काय ऐकणार?" बरेच जण घाई आहे म्हणून निघायचे. एक-दोघे बसायचे.

आजारपणातही तिनं ते सोडलं नाही. केमो झाल्यावर दोन दिवस तिला कसलाच वास, कसलाच आवाज सहन व्हायचा नाही. तिसऱ्या दिवशी ती भिंत धरत धरत येऊन खुर्चीत बसायची. "लाव." मी लावायची. एकदा म्हणाली, "डावा जरा पुढं कललाय का गं? मला वाकता येत न्हाय, तू बघ." मी पाणसळ ठेवली. खरंच केसभर कलला होता. मी पाना घेऊन पालथी पडले. भेटायला येणारे म्हणायचे, आता विश्रांती घे, मन शांत ठेव, नामस्मरण कर. ती त्यांना म्हणायची, "शांतच हाय की. तुमी गप बसलात तर आणि शांत होईल."

अशा बाईला जलदानाच्या दिवशी नानांनी शांत म्हटलं.

फ्लॅट तिनं प्रणालीच्या नावावर केला होता. प्रणाली फिजिओथेरपिस्ट आहे, आता तिथं राहते. मागच्या आठवड्यात तिनं मला बोलावून घेतलं. रबरी पाय इतक्या वर्षांत कडक होऊन चिरले होते, त्यात प्रणाली जे ऐकते त्यात ढोलकी आणि ठोका शालनच्या ख्यालाच्या कितीतरी पट. खालून देसाईवहिनींचा निरोप आला होता, झाकणं परत वाजायला लागली म्हणून. निरोप योग्य होता. आम्ही दोघी उद्यमनगरात गेलो, प्रणालीनं अंगठ्यानं दाबून दाबून नवे पाय निवडले, पहिल्यांपेक्षा जरा मऊ, आणि रविवारी सकाळी आम्ही ते बसवले. माझे गुडघे आता ओरडतात, पण पाना धरता येतो. जुने तुकडे तिनं पिशवीत भरले आणि मला विचारलं, "ठेवायचे का मावशी, आत्तीची आठवण म्हणून?" मी म्हटलं, "झिजलेलं रबर आहे ते. तिनं आधी कचऱ्यात टाकलं असतं." तिनं टाकले.

मग तिनं तिचं गाणं लावलं. कुणी तरणा पोरगा शब्दांचा मारा करत होता, आवाजात धार होती, आणि खाली तो ठोका. गाणं निम्म्यावर आलं असेल, तोच बेल वाजली. दारात नाना. थकलेत आता, काठी घेऊन चालतात, तरी जिना चढून आले होते. प्रणाली पुढं व्हायच्या आत मी गेले.

"सिस्टर गेल्या," नाना म्हणाले. "मला वाटलं, आता तरी..."

"शालन गेली नाना," मी म्हटलं. "घर गेलेलं न्हाय. आत येऊन बसा, न्हायतर खाली जाऊन देसाईंच्या भिंतीला हात लावून बघा. भिंत हालली तर वर या, आपण पाय बदलू."

ते काठीवर भार देत एक एक पायरी उतरत गेले. मी दार लावलं नाही, तसंच उघडं ठेवलं, आणि शालनच्या खुर्चीत येऊन बसले. त्या गाण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. प्रणालीनं बटणाला हात घातला. "मावशी, तुम्हाला त्रास होत असला तर कमी करू का?"

"राहू दे की," मी म्हटलं.